जीप भीमाशंकरला, हत्यारे करीमला

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवारी ट्रान्सपोर्टने आलेले सामान आणि त्याला पडलेले पैसे असे :

चारी चाकांच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा संच — रु. १८,५००
शॉकअब्सॉर्बर, चार नग — रु. ९,६००
मागच्या सीटला बांधायचे पट्टे, दोन नग — रु. ३,८००
ट्रान्सपोर्टचे भाडे — रु. १,४५०
हमाली — रु. ३०० (मागितले होते पाचशे)

एकूण रु. ३३,६५०. सगळे रोख दिले. पावती जीपच्या कागदांत ठेवली आहे. कोणाचे देणे राहिलेले नाही.

हे सामान करीम मिस्त्रींनी काल चढवले. आता जीपला लावायचे असे काही उरले नाही, म्हणून आज हे मृत्युपत्र लिहायला घेतले. अर्धवट वस्तू कोणाच्या नावे करू नये असे माझे मत आहे.

मी, शिवलीला महेश्वर हत्तुरे, वय ६७, काम घरचेच, शिक्षण जुनी अकरावी मॅट्रिक, राहणार शेळगी, सोलापूर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातली गाठ वाढली आहे. डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन सांगितले, पण दार नीट लागत नव्हते, त्यामुळे मलाही समजले. शरीर थकले, डोके थकलेले नाही. कोणी बळजबरी केलेली नाही, कोणी शिकवून दिलेले नाही. वकिलांनी फक्त काय चालते आणि काय चालत नाही ते सांगितले. शब्द माझे आहेत.

पहिले. शेळगीचे राहते घर, मागच्या मोकळ्या जागेसह, माझा एकुलता मुलगा चि. रेवणसिद्ध याला द्यावे. तो पुण्यात नोकरीला आहे, इथे येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकायचे तर विकावे. मात्र अंगणातला बेल तोडण्याची अट घालील त्याला विकू नये. भाव कमी आला तरी चालेल. बेलाची पाने सोमवारी गल्लीतल्या सगळ्यांना लागतात.

दुसरे. बँकेतली ठेव आणि पोस्टातले पैसे यांतून आधी माझ्या औषधांचे राहिलेले बिल, मग मठातले एक दिवसाचे अन्नदान, आणि उरेल ते रेवणसिद्धला. पाटल्या सूनबाईला. बोरमाळ शोधू नये. कपाटात नाही आणि मी कोणाला चोरून दिलेलीही नाही. ती मी विकली आणि जीपचा लोखंडी पिंजरा केला. त्याची हकीकत पुढे येईल.

नणंद कमलम्मावन्सं यांना माझी इरकली साडी द्यावी, हिरवी. त्या आमच्या जीपला माणूसखाऊ म्हणाल्या, तेही माझ्या जावेच्या तेराव्याच्या पंगतीत, पोळीवर तूप घेता घेता. साडी द्यावी पण तिच्यासोबत हा कागदही वाचायला द्यावा.

तिसरे. माझ्या देहाविषयी. आपल्या रिवाजाप्रमाणे मला बसवूनच पुरावे. तळहातावर इष्टलिंग, अंगाला विभूती, बेलाची पाने, एवढेच. मिरवणूक, बँड, फोटोचे फलक काही करू नये. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, खड्ड्यात बसवले तेव्हा स्वामींनी पाय नीट दुमडून दिले होते, तरी मला ते जीपमध्येच बसल्यासारखे दिसले. पुढे बघत. मूठभर माती ज्याला द्यावीशी वाटेल त्याला देऊ द्यावी. कोणाचा हात धरू नये, कोणाला परत पाठवू नये. हे कलम रेवणसिद्धने उभे राहून पाळावे.

चौथे. ह्यांच्या पेटीतली सगळी हत्यारे, जॅक, हवा भरायचा पंप आणि, जीप व रुतलेली गाडी ओढायची दोरखंडाची विंच तेवढी सोडून, जे काही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे ते सर्व करीम मिस्त्री, विजापूर वेस, यांना द्यावे. त्यांनी आमच्याकडून कधी जास्त घेतले नाही आणि मी घासाघीस केली की रागावलेही नाहीत. म्हणायचे, 'भाभी, तुमी बाजारात भाजी घ्यायला जाता की भाजीवाल्याला रडवायला?' हत्यारे देताना एक अट. करीम मिस्त्रींच्या गॅरेजात खंडेनवमीची पूजा दरसाल होते, पोरे नारळ फोडतात. ती करावी. पण चाकाचा पाना पूजेत मांडू नये. तो बाहेर, हाताशी ठेवावा. असे आमचे हे नऊ वर्षे करत आले. कारण खाली आहे.

पाचवे. जीप.

जीप १९९६ सालची, डिझेल, चारी चाकांना जोर लागणारी. सरकारी खात्याच्या लिलावात ह्यांनी घेतली तेव्हा तिच्यात कोंबडीचे घरटे होते. हे टॉवेलच्या कारखान्यात फिटर. घेऊन आले तेव्हा मी आठ दिवस नीट बोलले नाही. भाजीला गेल्यावर लोक विचारायचे, जीप कशाला घेतली? मी म्हणायचे, कोंबड्या पाळायला.

पण मग त्यांनी आणि धाकटे दीर भीमाशंकर भावजींनी मिळून ती उभी केली. दोघे भाऊ शेडमध्ये, आम्ही दोघी जावा चहा देऊन देऊन थकायचो. राजस्थानच्या वाळवंटात गेलो, स्पितीला निघून अर्ध्या वाटेवर पूल वाहून गेला म्हणून परत आलो. मी आधी खर्चाच्या भीतीने गेले, की निदान सोबत राहिले तर हॉटेलात जेवणार नाहीत. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, स्टोव्ह. मग मलाच आवडायला लागले. वाळूत चाक रुतले की टायरमधली हवा कमी करतात, हे मला तिथे कळले. रुतलेले आणखी जोर लावल्याने निघत नाही, आणखी रुतते.

माझी जाऊ हेमावती मागे माझ्याशेजारी बसायची. खड्डा आला की त्याला नाव ठेवायची. 'हा धक्का कमलम्मावन्सं! हा मोठा, हा सासूबाई! अक्का, धरा, पुढं सगळं माहेर हाय!' पुढे दोघे भाऊ हसून हसून गाडी बाजूला घ्यायचे. तिच्याएवढे हसणारे माणूस आमच्या घरात त्याआधी नव्हते, नंतरही झाले नाही.

२०१४ साली दसऱ्याला हिमाचलात किन्नौरला निघायचे ठरले. तिथल्या कल्पा गावातून किन्नर कैलासावरचे शिवलिंग नुसत्या डोळ्यांनी दिसते, असे भीमाशंकर भावजींनी वाचून आणले होते. त्यासाठी अष्टमीला करीम मिस्त्रींनी नवे रुंद रिम आणि मोठे टायर चढवले. जाताना बजावून गेले, 'अण्णा, नवा रिम आपली जागा घेतो, मग नट ढिला पडतो. पन्नासेक किलोमीटर फिरवा आणि परत आवळा. भूलना नही.' दोघे संध्याकाळी मोहोळपर्यंत जाऊन आले. यायला उशीर झाला, नट सकाळी आवळू म्हणाले.

सकाळी खंडेनवमी. आमच्यात हत्यार एकदा पूजेला लागले की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. ह्यांनी पाटावर सगळी हत्यारे मांडली, त्यात चाकाचा पानाही मांडला गेला. हळदकुंकू, शेवंतीची फुले. जीपलाही हार घातला. ती त्या दिवशी हलणारच नव्हती, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही.

दुपारी वळसंगहून फोन आला की हेमावतीची आई चक्कर येऊन पडली. गल्लीतल्या रिक्षाही पूजेत. भीमाशंकर भावजी घाईने आले.

'अण्णा, किल्ली द्या.'

ह्यांनी दिली.

'आणि पाना?'

'पूजेतला हाय. उद्या.'

'दोन मिनटाचं काम हाय की हो.'

'निधान होग. सावकाश जा. वळसंग काय काशी हाय का?'

भीमाशंकर भावजी पाटाकडे बघत क्षणभर उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला असता तर उचलता आला असता. पण पूजा ह्यांची होती आणि ते धाकटे. हेमावती थोरल्या दिरासमोर नवऱ्याशेजारी बसायला लाजायची, म्हणून मागेच, नेहमीच्या डाव्या जागेवर बसली. जाताना मला म्हणाली, 'अक्का, कडबू एक ठेवा मला.'

कुंभारीच्या पुढे मागचे डावे चाक निघाले. जीप रस्त्याकडेच्या चारीत उलटली. तेव्हा वर नुसते ताडपत्रीचे छत होते आणि मागे पट्टे नव्हते. भीमाशंकर भावजींचा खांदा निखळला. हेमावती बाहेर फेकली गेली. दवाखान्यात नेईपर्यंत राहिली नाही. वळसंगला तिची आई लिंबूपाणी पिऊन उठून बसली होती. ती पुढे चार वर्षे जगली.

घरातून किल्ली दिली गेली आणि पाना दिला गेला नाही. एवढेच झाले. धर्माने पाहिले तर चूक नाही, गाडीच्या हिशोबाने पाहिले तर खून आहे. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून केला. मला त्याचा निकाल लागलेला नाही आणि आता लागणारही नाही.

हेमावतीला माती द्यायला हे पुढे झाले तेव्हा भीमाशंकर भावजींनी सगळ्या भावकीदेखत ह्यांचा हात धरला. 'तुमचा हात नको.' ह्यांच्या मुठीतली माती तशीच राहिली. घरी येईपर्यंत मूठ उघडली नव्हती, मी उघडली. महिन्याभरात भीमाशंकर भावजी अकलूजला निघून गेले. तिथे डेअरीत कामाला लागले. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही.

सगळे म्हणाले, जीप भंगारात घाला. ह्यांनी पोलीस स्टेशनच्या आवारातून ती ओढून आणली. मला वाटले, तोडणार. त्यांनी दुरुस्त करायला घेतली. आधी चारी चाकांचे बोल्ट बदलले. मग ताडपत्री काढून पत्र्याचे टप आणि त्याच्या आत लोखंडी पिंजरा, गाडी उलटली तरी माणूस चेंगरू नये असा. पैसे कमी पडले तेव्हा मी बोरमाळ काढून दिली, ह्यांनी मागितली नव्हती. मग ब्रेक बदलले. मग मागचे आसन. मग चढावर घसरू नये म्हणून मागच्या धुऱ्यात काहीतरी बसवले, ते मला नीट सांगता येणार नाही, करीम मिस्त्रींना विचारावे. दर वर्षी एक वस्तू.

पुण्याहून जीपवाल्या पोरांचा क्लब एकदा बघायला आला. वाकून वाकून फोटो काढले. एक म्हणाला, 'काका, नेक्स्ट लेव्हल गाडी बनवलीत. लडाखला कधी निघताय?' हे म्हणाले, 'अजून थोडं राहिलंय.' दर वेळी हेच. अजून थोडं. गाडी शेडमधून निघायची ती विजापूर वेशीला करीम मिस्त्रींकडे जायची आणि परत यायची, बाकी कुठे गेली नाही. डावीकडच्या मागच्या जागेवर त्यांनी कोणाला बसू दिले नाही. रेवणसिद्ध एकदा बसला तर म्हणाले, उतर. का ते सांगितले नाही.

दोनदा ते एस.टी.ने अकलूजला गेले. मला सांगून गेले, दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून. दोन्ही वेळा स्टँडवर चहा पिऊन पुढच्या गाडीने परत आले. दुसऱ्या वेळी मी विचारले, 'भेटले का?' तर म्हणाले, 'काय बोलू ते ठरंना.' बोलता येत नव्हते म्हणून पाना हातात घेतला, असे मला वाटते. मागच्या वर्षी चैत्रात हे वारले. उशाशी करायच्या कामांची चिठ्ठी होती : पाट्या, शॉकअब्सॉर्बर, मागचे पट्टे. ते सामान शुक्रवारी आले.

रेवणसिद्ध माझ्यावर फार चिडला. फोनवर म्हणाला, 'अव्वा, ते महागाचं इंजेक्शन नको म्हणतेस आणि जीपला पाट्या? तीस वर्षांची गाडी! जूनमध्ये नोंदणी संपतीय तिची. स्क्रॅपला दिली तर नव्या गाडीत सूट तरी मिळंल.' मी म्हणाले, 'इंजेक्शनानं मी नीट होणार हाय का?' मग मीच म्हणाले, 'पाट्यांनी जीप नीट होती.' पोर रडायला लागले. त्याला रडवायचे नव्हते. त्याचे माझ्यावर प्रेम आहे आणि जीपवर नाही, यात त्याचे काही चुकत नाही. त्याने लहानपणी त्या गाडीचे गाणे ऐकले आणि मोठेपणी रडणे.

तर माझी इच्छा अशी. वर वर्णन केलेली जीप, तिचे सर्व कागद, दोरखंडाची विंच, स्टोव्ह आणि भांड्यांची लाकडी पेटी, हे सर्व माझे धाकटे दीर श्री. भीमाशंकर हत्तुरे, हल्ली राहणार अकलूज, यांना द्यावे. पुण्याच्या त्या क्लबातल्या एकाने तिला साडेचार लाख देऊ केले आहेत. त्याला नाही म्हणून कळवले. ती शोभेची नाही.

त्यांनी ती चालवलीच पाहिजे अशी अट नाही. किन्नौरला गेलेच पाहिजे असेही नाही. ती बघवत नसेल तर त्यांनी ती स्वतः नेऊन भंगारात घालावी, त्याबद्दल त्यांना कोणी काही बोलू नये. फक्त तो निर्णय त्यांचा असावा, दुसऱ्या कोणाचा नसावा. आणि भंगारात घालण्याआधी एकदा चारी चाकांचे नट बघावेत. ह्यांनी ते कसे बसवलेत ते करीम मिस्त्रींना दाखवायला सांगावे. एवढे बघितले तरी पुरे.

भीमाशंकर भावजींविषयी माझ्या मनात राग आहे, तो लपवून ठेवत नाही. हेमावती त्यांची बायको होती तशी माझी धाकटी बहीणही होती. माझे दुःख कोणी विचारले नाही, ते दोघा भावांनी आपसात वाटून घेतले. आणि मागच्या चैत्रात निरोप पोचूनही ते भावाला माती द्यायला आले नाहीत. हा राग मी कोणाला वारसा म्हणून देत नाही. माझ्यासोबत जाऊ दे.

सहावे. भीमाशंकर भावजींनी जीप नाकारली, किंवा त्यांचे काहीच उत्तर आले नाही, तर जीप रेवणसिद्धच्या म्हणण्याप्रमाणे स्क्रॅपला द्यावी. येतील ते पैसे हेमावतीच्या नावे वळसंगच्या मठात द्यावेत. मागच्या डाव्या बाजूचे आसन मात्र काढून घ्यावे. ते भंगारवाल्याला देऊ नये. त्याचे काय करायचे ते मला सुचत नाही.

सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेवणसिद्धने करावी. आधी कधी काही लिहिलेले सापडले तर ते रद्द समजावे. करीम मिस्त्रींना हत्यारे देत असल्यामुळे त्यांची साक्ष चालत नाही असे वकिलांनी सांगितले, म्हणून शेजाऱ्यांची घेतली आहे. दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. बसप्पा गुरुजींनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारायला सांगितले, मी सुधारले नाही.

सही : शिवलीला महेश्वर हत्तुरे

साक्षीदार :
१. बसप्पा गुरुसिद्धप्पा म्हेत्रे, निवृत्त शिक्षक, शेळगी. (सही)
२. सौ. कौसर शाकीर बागवान, अंगणवाडी सेविका, शेळगी. (सही)

स्थळ : सोलापूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, कार्तिकातला शेवटचा सोमवार

श्री. भीमाशंकर भावजींस, या कागदाच्या प्रतीसोबत :

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून प्रत पोस्टाने पाठवत आहे. रजिस्टर पोस्ट बंद झाले म्हणाले, स्पीड पोस्टाने पाठवते. आत माझा पत्ता घातलेले पोस्टकार्ड आहे, तिकिटाचा खर्च तुम्हाला नको.

मृत्युपत्राच्या नोंदणीची तारीख ८ डिसेंबर मिळाली आहे. तब्येत बघता ती पुढे ढकलता येणार नाही. त्याआधी तुमचे उत्तर आले तर पाचवे कलम राहील आणि सहावे काढून टाकीन. नाही आले तर उलटे.

जीप हवी असेल तर हवी लिहा. नको असेल तर नको लिहा, मी रागावणार नाही. जीपचे काही न लिहिता ह्यांना चार शिव्या लिहायच्या असतील तर त्याही लिहा. मी त्या वाचीन, कोणाला दाखवणार नाही. आणि कार्डावर लिहिण्यासारखे नसेल तर स्वतः या, घर तेच आहे.

मागच्या वर्षी ह्यांना बसवून झाल्यावर मी स्वामींना सांगून दुपारपर्यंत माती थांबवली होती. अकलूजची गाडी येईल असे वाटत होते. लोक उन्हात उभे होते, कमलम्मावन्सं बोलत होत्या, तरी थांबवली. या वेळी थांबवायला मी नसेन.

तरी उलट टपाली कळवावे.

तुमची वैनी,
शिवलीला